डोळ्याचा कार्डिओग्राम : आनुवंशिक रातांधळेपणा आणि ईआरजी तपासणी

स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. डोळ्यांच्या रुग्णालयातील तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत मी नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. शिवाय हा विषय माझ्या नात्यातील एका घरात येऊन बसलेला आहे. म्हणून सभासद बंधू-भगिनींनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी तो जरा सवडीने वाचावा, अशी विनंती आहे.

माझ्या चुलत बहिणीचा थोरला मुलगा दिवसा इतर मुलांसारखाच होता. दिवेलागणीला मात्र अंगणातली बाज त्याला दिसत नसे, उंबऱ्याला ठेच लागे, जेवताना शेजारचा पाण्याचा तांब्या हमखास कलंडत असे. फळ्यावरचे बारीक अक्षर वाचतो आणि संध्याकाळी खेळताना चेंडू सापडत नाही म्हणतो, म्हणजे हा सोंग करतो, असे त्याच्या शिक्षकांचे मत झाले होते. घरच्यांनी धांदरट म्हटले. शेजारची एक म्हातारी करणी म्हणाली, आणि त्यापायी एका मांत्रिकाकडे दोन खेपा झाल्या. कोणी तरी कलेजी खायला घाला म्हणून सांगितले. हा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपणा येतो आणि कलेजीत ते भरपूर असते. पण सहा महिने कलेजी खाऊनही मुलाला अंधारात दिसेना. २०१४ साली तो १३ वर्षांचा होता तेव्हा ताईने मला निरोप पाठविला. पहिल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून पडद्यावर विशेष काही नाही असे सांगितले होते. दुसऱ्यांनी मात्र चिठ्ठीवर तीन अक्षरे लिहिली : ईआरजी.

ईआरजी म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राम. हृदयाचा जसा कार्डिओग्राम काढतात तसाच हा डोळ्याच्या पडद्याचा. फरक इतकाच की हृदय आपण होऊन ठोके देत असते, पडद्याला मात्र प्रकाश दाखवून बोलते करावे लागते.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून जे पातळ अस्तर असते त्याला दृष्टिपटल म्हणतात. बोलीत आपण पडदा म्हणतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी आहेत. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. त्यांची संख्या एका डोळ्यात नऊ ते बारा कोटी. शंकुपेशी लख्ख उजेडात काम करतात, रंग आणि बारीक अक्षर ओळखतात. त्या अवघ्या पन्नास-साठ लाख. अंधारात या पेशींमधून एक सूक्ष्म विद्युतप्रवाह सतत वाहत असतो आणि प्रकाश पडला की तो थांबतो. आपली समजूत नेमकी उलटी असते. उजेड पडला की दिवा पेटावा तशी पेशी पेटत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती विझते, आणि तिच्या विझण्याची वार्ता पुढच्या पेशींना मिळते. कोट्यवधी पेशींत एकाच क्षणी हा बदल झाला की त्याची लाट डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागापर्यंत, म्हणजे बुबुळापर्यंत पोहोचते. तिथे तार लावली तर ती मोजता येते.

ती किती लहान असते? टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याचे पाच हजार भाग केले तर एक भाग ३०० मायक्रोव्होल्ट होतो. निरोगी डोळ्याचे उत्तर काहीशे मायक्रोव्होल्टचे, म्हणजे या एका भागाच्या आसपासचे असते. आजारी डोळ्याचे दहा मायक्रोव्होल्टच्याही खाली जाते.

असे काही असते हे प्रथम दाखविले ते स्वीडनमधील उप्साला येथील फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी, १८६५ साली, बेडकाच्या डोळ्यावर. रेल्वेत नोकरीला गेलेल्या सभासदांना हे नाव दुसऱ्या कारणाने जवळचे वाटावे. १८७५ साली स्वीडनमध्ये एक मोठा रेल्वे अपघात झाला, त्यानंतर कामगारांची रंगदृष्टी तपासण्यासाठी रंगीत लोकरीच्या लडी जुळवण्याची पद्धत याच गृहस्थांनी प्रचारात आणली. माणसाच्या डोळ्यावरची नोंद १८७७ साली जेम्स ड्यूअर यांनी घेतली. थर्मासच्या बाटलीमागची कल्पना यांचीच. पुढे राग्नार ग्रॅनिट यांनी ही लाट कोणकोणत्या भागांची मिळून बनते हे १९३३ साली उलगडले. त्यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण रुग्णाच्या कामी ही विद्या आली ती १९४५ साली. स्टॉकहोमच्या गोस्टा कार्पे यांनी रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि त्यांना आढळले की रेटिनायटिस पिगमेंटोजा या आजारात लाट जवळजवळ उमटतच नाही. याच आजाराला थोडक्यात आर.पी. म्हणतात, आणि आमच्या घरात आलेला आजार हाच.

आर.पी. हा एक आजार नव्हे, एक कुळ आहे. ऐंशीहून अधिक जनुकांपैकी एखाद्यात दोष असला तर तो होऊ शकतो. दंडपेशी ज्या द्रव्याने प्रकाश टिपतात त्या ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातील दोष सर्वप्रथम १९९० साली सापडला. साधारणपणे आधी दंडपेशी मरतात, म्हणून रात्रीचे दिसत नाही. मग कडेची नजर जाते. समोरचे दिसते पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही, जणू नळकांड्यातून पाहावे तसे. शेवटी शंकुपेशीही जाऊ लागतात. पडद्यावर कोळ्याच्या पायांसारखे काळे डाग दिसू लागतात, त्यावरून डॉक्टर आजार ओळखतात. पण हे डाग पुष्कळदा उशिरा येतात. त्याआधीची काही वर्षे पडदा वरून ठीक दिसतो आणि आतून पेशी मरत असतात. पहिल्या डॉक्टरांना काही दिसले नाही यात त्यांचा दोष मानू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. लोक शॉक बसेल या भीतीने येतात. तसे काहीही नसते. यंत्र डोळ्याला वीज देत नाही, फक्त डोळ्याची वीज ऐकते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून रुग्णाला २० मिनिटे पूर्ण अंधारात बसवितात. ही २० मिनिटे फार मोलाची. मध्येच कोणी दार उघडले किंवा मोबाइल पेटविला तर पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते. ‘पोराला घाबरायला होतंय’ म्हणून आईने हळूच मोबाइल काढला आणि साऱ्यांची पाऊण तासाची मेहनत वाया गेली, असे माझ्यासमोर कितीदा तरी घडले आहे. मग मंद लाल दिव्यात डोळा बधिर करणारा थेंब घालून बुबुळावर लेन्ससारखा इलेक्ट्रोड बसवितात, किंवा खालच्या पापणीलगत केसासारखा बारीक धागा ठेवतात. दुसरी तार कानशिलाजवळ, तिसरी कपाळावर. हनुवटी टेकवून एका मोठ्या पांढऱ्या अर्धगोलात पाहायचे. त्यात सगळीकडून सारखा प्रकाश चमकतो.

पहिली चमक इतकी मंद असते की तिला फक्त दंडपेशीच उत्तर देतात. नंतरची चमक त्याहून कितीतरी पट तेज. तिला दोन्ही जाती उत्तर देतात. मग दहा मिनिटे अर्धगोलात उजेड ठेवून दंडपेशींना दिपवून गप्प करतात आणि शंकुपेशींची परीक्षा घेतात. शेवटी सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवितात. इतक्या वेगाशी दंडपेशी जुळवून घेऊ शकत नाहीत, शंकुपेशी घेतात. हा क्रम जगभर एकच असावा म्हणून या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९ साली मानके ठरविली. ती वेळोवेळी सुधारली जातात. त्यामुळे नागपूरचा कागद लंडनच्या डॉक्टरला वाचता येतो.

कागदावरची लाट आधी खाली जाते, मग वर उसळते. खालच्या दरीला ‘ए’ लाट म्हणतात. ती प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. वरच्या शिखराला ‘बी’ लाट म्हणतात. ती त्यांच्या पुढच्या, निरोप पोहोचविणाऱ्या पेशींची. दोन गोष्टी मोजायच्या : लाटेची उंची आणि चमकेपासून शिखरापर्यंत लागलेला वेळ. सामान्य माणूस उंचीच पाहतो, पण वेळही तितकाच बोलका असतो. लुकलुकत्या प्रकाशाला निरोगी शंकुपेशींचे शिखर साधारण ३२ मिलिसेकंदांच्या आत येते. पसरत जाणाऱ्या आर.पी.मध्ये उंची तर घटतेच, शिखरही उशिरा येते. उलट, आजार पडद्याच्या एखाद्या भागापुरताच असेल तर उंची कमी असूनही शिखर बहुधा वेळेवर येते.

रातांधळेपणाचे एकच लक्षण घेऊन तीन मुले आली तर त्यांचे भवितव्य अगदी वेगळे असू शकते, आणि त्यांच्यात फरक करायला ही तपासणी उपयोगी पडते. एकाला अ जीवनसत्त्वाचा अभाव असेल. त्याच्या दंडपेशींची लाट खुजी येते. उपचार केल्यावर ती पुन्हा वर येते. दुसऱ्याला जन्मजात स्थिर रातांधळेपणा असेल. त्याच्या नेहमीच्या प्रकारात ‘ए’ लाट ठीक येते पण ‘बी’ लाट वर चढतच नाही. म्हणजे पेशी जिवंत आहेत, निरोप पोहोचविणारा तेवढा मुका आहे. हा आजार वाढत नाही. तिसऱ्याला आर.पी. असेल, त्यात दोन्ही लाटा खचतात आणि वर्षागणिक आणखी खचतात. मुलगा किती बोलका आहे, हुशार आहे, सोंग करतो की खरे सांगतो, यावर यातले काही अवलंबून नसते. आमच्या मुलाच्या कागदावर मंद चमकेपुढे जवळजवळ सपाट रेषा होती. तेज चमकेपुढे लहानशी लाट, तीही उशिरा. त्याच्या शिक्षकांना तो कागद दाखवावा असे मला फार वाटले होते. ताईने अडविले.

इतकी बारीक लाट टिपताना अडचणी येतात. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावतो आणि भिंतीतल्या तारा, पंखा, ट्यूबलाइट सगळे तो गुणगुणत असतात. पापणी मिटली तरी कागदावर डोंगर उठतो. त्यावर उपाय म्हणजे एकच चमक पुन्हा पुन्हा दाखवून उत्तरांची सरासरी काढणे. डोळ्याचे उत्तर दर वेळी त्याच जागी येते, गोंगाट मात्र कधी वर कधी खाली. शंभर नोंदींची सरासरी काढली की असा अस्ताव्यस्त गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो. या युक्तीने अमेरिकेतील बोस्टनच्या एलियट बर्सन यांनी एका मायक्रोव्होल्टहूनही लहान लाटा मोजल्या. जिथे पूर्वी ‘लाट नाही’ असे लिहून फाइल मिटत असत तिथेही आजाराचा वेग मोजणे त्यामुळे शक्य झाले.

तो वेग किती? बर्सन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली जे निष्कर्ष दिले त्यानुसार, उरलेल्या लाटेपैकी सरासरी १६ टक्के दर वर्षी कमी होते. विद्यार्थ्यांनी इथे गणित करून पाहावे. आज १०० असेल तर पुढच्या वर्षी ८४, मग ७१, मग ५९, मग ५०. म्हणजे चार वर्षांत निम्मी. तरीही ती शून्यावर कधी जात नाही, कारण तोटा मुद्दलातून नव्हे, शिलकीतून होतो. अर्थात ही सरासरी आहे. प्रत्येक जनुकाची आणि प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी मी माणसे खचलेली पाहिली आहेत. अहवालात ‘प्रतिसाद नोंदविता आला नाही’ असे लिहिलेले वाचून घरचे लोक समजतात की दृष्टी गेली. तसे नव्हे. ईआरजी ही साऱ्या पडद्याची मिळून एक बेरीज आहे. आपण वाचतो ते पडद्याच्या मधल्या टिकलीएवढ्या भागाने, आणि एकूण शंकुपेशींपैकी फार थोडा हिस्सा तिथे असतो. तो हिस्सा शाबूत असेल तर रेषा सपाट असूनही माणूस वर्षानुवर्षे वर्तमानपत्र वाचतो. उलट, फक्त मधला भाग बिघडवणाऱ्या स्टारगार्टसारख्या आजारात वाचता येत नाही तरी साधी ईआरजी उत्तम येऊ शकते. त्यासाठी पडद्याचे तुकडे पाडून मोजणारी निराळी ईआरजी १९९२ सालापासून उपलब्ध आहे. काचबिंदूत तर मज्जातंतू वाळून डोळा जवळजवळ आंधळा झाला तरी या लाटा बहुधा कायम असतात. यास्तव हा कागद एकट्याने वाचू नये. नजर, दृष्टिक्षेत्र आणि पडद्याची चित्रे यांच्या सोबतीने डॉक्टरांकडून वाचून घ्यावा.

उपचाराविषयी स्पष्ट बोललेले बरे. बहुतेक प्रकारांवर आजही सिद्ध औषध नाही. १९९३ साली बर्सन यांनी ६०१ रुग्णांच्या प्रयोगावरून अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने लाटेचा ऱ्हास मंदावतो असे सांगितले होते आणि जगभर ते दिले गेले. २०२३ साली त्याच रुग्णांच्या नोंदी जनुकांच्या माहितीसह पुन्हा तपासल्या तेव्हा तो फायदा दिसला नाही. म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत. यकृताला अपाय होतो आणि गरोदर स्त्रीच्या गर्भाला धोका असतो. आरपीई६५ या एका जनुकाच्या दोषावर जनुकोपचार आहे. अमेरिकेने त्याला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरली, आणि पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच तो उपयोगी. ‘पडदा बदलून देतो’ असे सांगणाऱ्याला मात्र एक पैसाही देऊ नये.

हा आजार दूरदेशीचा, क्वचित आढळणारा, असे कोणी समजू नये. जगात साधारण चार हजारांत एक असे प्रमाण सांगितले जाते. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरील ४७११ लोकांचे डोळे तपासले गेले, तेव्हा प्रमाण सुमारे ७५० मागे एक निघाले. पाहणी लहान, सापडलेले रुग्ण मोजके, म्हणून आकडा थोडा सैल धरावा; तरीही फरक डोळ्यांत भरतो. त्यामागे नात्यातली लग्ने हे एक कारण असू शकते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी. आर.पी.च्या अनेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून तेच सदोष जनुक आले तरच मूल आजारी होते. एकाकडूनच आले तर माणूस निरोगी राहतो आणि ते जनुक गुपचूप पुढे देतो. असे दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक मुलाला आजाराचा धोका चारांत एक. एकाच आजोबाच्या घरातली मुले एकत्र आली की दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. ताईचे लग्न तिच्या आत्याच्या घरीच झालेले. ते जनुक आमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून आले असेल तर माझ्याही रक्तात असू शकते.

प्रमाणपत्राची गोष्ट थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये केवळ नजरेचा आकडा नाही, दृष्टिक्षेत्रही धरले आहे. क्षेत्र ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. आर.पी.चे कित्येक रुग्ण फळा वाचता येतो म्हणून परत पाठविले जातात. त्यांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून मागावी आणि ईआरजीचा कागद सोबत जोडावा.

आता मुलाच्या बहिणीविषयी. २०१४ सालीच डॉक्टरांनी विचारले, घरात आणखी मूल आहे का? धाकटी नऊ वर्षांची होती. तिला काहीच तक्रार नव्हती, म्हणून ताई कचरत होती. एक तर समजले, दुसरेही समजायचे का, असे तिच्या चेहऱ्यावर होते. पण बर्सन यांचा अनुभव असा की आर.पी.च्या घरातील सहा वर्षांवरील ज्या मुलाची ईआरजी उंचीत आणि वेळेत दोन्ही ठीक आली, त्याला तो आजार पुढे झालेला दिसला नाही. धाकटीला अंधारात बसविले. ती अजिबात रडली नाही, ‘कधी चमकेल?’ एवढेच विचारत राहिली. तिच्या लाटा पूर्ण उंचीच्या आणि वेळेवर आल्या.

गेल्या वर्षी ती एकोणीस वर्षांची झाली आणि तिच्या आत्याने आपल्या मुलासाठी मागणी घातली. ताईने मला फोन केला. ‘भाऊ, पोरीची तपासणी तर चांगली आली होती. मुलाचीही करून घेतो. मग झालं ना? नणंदेला नाही कसं म्हणू?’ मला सांगावे लागले की ताई, ही तपासणी आजार सांगते, वाहक सांगत नाही. तुझी मुलगी निरोगी आहे, पण वाहक असण्याचा संभव तीनांत दोन. तिची आत्या वाहक असण्याचा संभव निम्मा, म्हणून आत्याच्या मुलाचा चारांत एक. दोघे वाहक निघाले तर प्रत्येक मुलाला धोका चारांत एक. तिन्हींचा गुणाकार केला तर चोविसांत एक. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही अशा मुलाशी लग्न झाले तर हाच धोका कितीतरी कमी. आणि केवळ गणितावर विसंबायचे नसेल तर थोरल्याच्या रक्तावरून सदोष जनुक कोणते ते शोधता येते आणि मग तेच धाकटीत व आत्याच्या मुलात आहे का ते पाहता येते.

ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, रक्त द्यायला किती जणांना आणू? थोरल्याचे, धाकटीचे आणि नवरा-बायकोचे असे चौघांचे रक्त दिवाळीनंतर दिले आहे. नणंदेला अजून उत्तर दिलेले नाही. थोरला आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी बाहेर पडताना तो धाकटीच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि परीक्षेला त्याला मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मिळते.